गनीमियानं निवडलेलं रान

अब्दुल गनीला कोणी धंदा विचारला, तर तो सरळ 'शिकार' म्हणायचा, आणि म्हणताना आवाज खाली करायचा नाही. बाभुळगावातल्या इतर मुसलमान घरांतून कोणी सायकली दुरुस्त करी, कोणी गाद्या भरी, कोणी आठवडी बाजारात बांगड्या विकी. गनीचा आजा जाळं टाकून लावे धरायचा, बाप बंदुकीनं तितर मारायचा, आणि बापाच्या मागे ती बंदूक गनीकडे आली होती. भरमार बंदूक. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, एक बार काढायचा, आणि पुन्हा ठासत बसायचं. तेवढ्या वेळात जनावर काही तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून गनीला पहिल्यापासून एकाच बारात काम संपवायची सवय लागली होती.

अडतीस वर्षांचा माणूस, उंचीला बेताचा, अंगानं काटक. दिवसाकाठी आठ-दहा कोस चालला तरी संध्याकाळी तो चपला झटकून असा घरात शिरायचा, जणू कोपऱ्यावरून तंबाखू घेऊन आला. आसपासच्या पाटलांच्या, जुन्या मालगुजारांच्या बंदुका बिघडल्या की त्याच्याकडेच येत. पण ते काम तो पावसाळ्यात करी. बाकी आठ महिने त्याचे पाय रानात असत.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर तो चार दिवस सलग फिरला, आणि दोन तितर, एक ससा घेऊन परत आला. त्याच्या बापाच्या काळात बाभुळगावच्या पलीकडच्या माळावर काळविटांचे कळप चरत. गनीनं स्वतः लहानपणी पाहिले होते. आता तो माळ नांगराखाली गेला होता, जिथं कंबरेएवढं गवत होतं तिथं कपाशीच्या ओळी होत्या. गनीला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण तो त्यावर फार बसून राहिला नाही. पाय धुतले, बंदूक खुंटीला लावली, आणि बायकोला म्हणाला की इथलं रान आता आपलं पोट भरणार नाही, आपण दुसरीकडे राहायला जाऊ.

जुबैदा शिवणयंत्रावर बसली होती. घरात दोघं एरवी मुसलमानी बोलत, पण जुबैदा खेड्यात वाढलेली, त्यामुळे मनातलं बोलायचं झालं की ती वऱ्हाडीवर यायची. तिनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"जाऊ ना," ती म्हणाली. "पण जनावरं तं तुमी पाहूनच घेसान. पानी पाहा, शेजार पाहा. तुमी दिवसभर रानात राह्यता, गावात मले राहा लागते."

त्यांची एकच मुलगी होती, रौशन, सात वर्षांची. जुबैदानं तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि गनीला आणखी एक अट कळली, शाळेची. मग त्यानं भाकरी बांधून घेतली, बंदूक खांद्याला लावली आणि जागा पाहायला निघाला.

पहिल्यांदा तो पुसदला गेला, कारण तिथं जुबैदाचा भाऊ अन्सार होता. अन्सारचं सायकलींचं दुकान होतं, आणि पाहुण्याला शहर दाखवायची त्याला भारी हौस. पुसदच्या चहूकडे डोंगर, डोंगरात चितळ, रानडुकरं, मोर, काय म्हणाल ते; शिवाय मशिदीजवळ एक दोन खणांचं घर रिकामं, शाळा समोरच. बहीण जवळ राहायला येणार म्हणून अन्सारनं घरमालकाशी बोलणंही करून ठेवलं होतं.

गनीनं तीन दिवस डोंगर पालथे घातले. जागा पाहायची त्याची स्वतःची एक रीत होती. शिकाऱ्यांना तो कधी विचारत नसे. शिकारी खोटं बोलतात, हे त्याला स्वतःवरून ठाऊक होतं. तो मोळीवाल्या बायांना विचारायचा, गुराख्यांना विचारायचा, आणि सकाळी नाल्याच्या काठचा ओला चिखल वाचायचा. पुसदच्या डोंगरात जनावर होतं, यात शंका नव्हती. पण एका पाणवठ्यावर त्याला काडतुसांची रिकामी नळकांडी सापडली, ओंजळभर. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं पाहिलं की लांबवर रस्त्यानं मोटार घरघरली, तसा चितळांचा कळप माना वर करून एकदम उधळला. मोटार अजून अर्धा कोस दूर होती.

बाजारात चामड्याच्या व्यापाऱ्याकडे जाऊन त्यानं कातडी उलटून पाहिली. एकेका कातड्याला छर्ऱ्याची दहा-बारा भोकं. रविवारी जीपमधून येऊन कसेही बार काढणाऱ्यांचं ते काम होतं. अशा रानात पाच वर्षांनी काय उरेल, हे गनीला तिथल्या तिथं दिसलं.

अन्सारला हे सांगणं अवघड होतं. गनीनं घराची तारीफ केली, शाळेची तारीफ केली, आणि मग म्हणाला की इथं बंदुका फार झाल्या. अन्सार रुसला. दोन दिवस राहा म्हणणारा माणूस त्या दिवशी मोटारीच्या थांब्यावर पोचवायला आला नाही.

तिथून गनी दक्षिणेला, उमरखेडच्याही पुढे, पैनगंगेच्या रानात उतरला. आणि तिथं मात्र त्याचे पाय अडकले. सागाचं असं रान त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. सकाळी धुकं उठायच्या आत नदीच्या वाळूत सांबराचे, अस्वलाचे, एका जागी तर वाघाचे ताजे ठसे. एका संध्याकाळी पाण्यावर नर सांबर आला, शिंगांवर शेवाळ लोंबत असलेला, आणि गनीपासून साठ पावलांवर निवांत पाणी प्यायला. गनीनं बंदूक उचललीसुद्धा नाही. त्या रानात शिकारीचा परवाना नव्हता हे एक, आणि नुसतं पाहण्यातच त्याचं मन भरलं हे दुसरं. त्याला वाटलं, मरेपर्यंत राहावं तर इथं.

रानात लाकडाच्या ठेक्याचं काम चालू होतं. ठेकेदार घनश्यामसेठ मोठा दिलदार गृहस्थ. त्यानं गनीला दोन दिवस आपल्या तळावर जेवू घातलं, त्याची नजर आणि चाल पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी समोर बसवून सांगितलं की इथंच राहा. सेठचे पाहुणे नागपूरहून, हैदराबादेहून रीतसर परवाने काढून शिकारीला येत. त्यांना जनावरापर्यंत नेणारा माणूस हवा होता. राहायला झोपडी, महिन्याचं धान्य, सगळं सेठकडून.

गनी हो म्हणायच्या बेतात होता. त्यानं फक्त एवढं विचारलं की याआधी हे काम कोण करायचं. सेठनं तळावरच्या एका म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. गनी त्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसला, बिडी दिली. म्हाताऱ्यानं आपण मारलेल्या वाघांची गोष्ट सांगितली. पाहुण्याचा बार चुकला की मागून आपण बार काढायचा, मग पाहुण्यानं जनावरावर पाय ठेवून फोटो काढून घ्यायचा, आणि आपण झाडामागं उभं राहायचं. म्हाताऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तो हसत हसत सांगत होता.

गनी परत सेठकडे आला आणि त्यानं नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. सेठला नवल वाटलं. एवढं रान सोडून कायले जातोस, असं त्यानं विचारलं.

"सेठ, रान लई मोठं हाय," गनी म्हणाला. "पण मी काढलेला बार माह्या नावानं पडला पाह्यजे. तेवढं तुमच्या इथं होनार नाई."

परतीच्या मोटारीत बसला तरी सांबर डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण त्याला आपण चुकलो असं वाटलं नाही. झोपड्यांच्या त्या तळावर जुबैदा कोणाशी बोलली असती, आणि रौशन कोणत्या शाळेत गेली असती, हेही त्याच्या ध्यानात मोटारीत बसल्यावरच आलं. रानानं त्याला तेवढं भुलवलं होतं.

आर्णीला मोटार थांबली. बाजाराचा दिवस होता. गनी चहा प्यायला उतरला, तर समोरून एक बैलगाडी येताना दिसली. गाडीत गवतावर एक तगडा बंजारा माणूस निजवलेला, मांडी फडक्यानं करकचून बांधलेली आणि फडकं लाल. गाडीबरोबर चालणारी त्याची बायको घाबरलेली नव्हती. ती बैलांना हाकत होती आणि लोकांना बाजूला व्हा म्हणून दरडावत होती. माणसाचं नाव भावसिंग, बाईचं मानीबाई. आर्णीपासून दोन कोसांवरच्या उमरदरा तांड्याचे हे लोक. डॉक्टर टाके घालत होता तेवढ्या वेळात गनीनं सगळी हकिकत काढून घेतली.

ज्वारी दाण्यावर आली होती आणि रानडुकरं रोज शेतात उतरत होती. तीन दिवसांपूर्वी भावसिंग कुऱ्हाड घेऊन एका डुकराला आडवा गेला. कुऱ्हाड डुकराच्या खांद्यात बसली, पण डुक्कर पडलं नाही. त्यानं भावसिंगची मांडी फाडली आणि टेकडीच्या उतारावर घाणेरीच्या झुडपात जाऊन बसलं. विहिरीची वाट त्याच उताराखालून जात होती. आता बाया पाण्याला जायला भीत होत्या. पाला बांधून ठेवलेली भावसिंगची जखम आज सकाळी पुन्हा उघडली, म्हणून गाडी जुपली होती.

"तांड्यात बंदूक नाई का कोनाजवळ?" गनीनं विचारलं.

"पाच गावात नाई," मानीबाई म्हणाली.

गनीनं मोटार सोडून दिली आणि तो त्यांच्या बैलगाडीत चढला.

तांड्याचा नाईक धावजी, साठीचा, पांढऱ्या मिशांचा, बोलायला सावकाश. त्यानं पाहुण्याला गूळ-पाणी दिलं आणि सांगितलं की उद्या पन्नास माणसं जमवतो, ढोल वाजवून हाका करू, जनावर बाहेर निघालं की तुम्ही मारा. गनीनं नाही म्हणून मान हलवली. जखमी डुक्कर हाक्याला भिऊन पळत नाही, ते हाक्यावरच येतं. पन्नास माणसांतलं एक तरी ते घेऊन जाईल. त्यानं विचारलं की या जनावराला शेवटचं कोणी पाहिलं. उत्तर मानीबाईनं दिलं. ती नवऱ्याजवळ बसायचं सोडून दुपारी शेतातल्या माळ्यावर चढून बसली होती, कारण ज्वारी तर राखायलाच हवी होती. उन्हं कलली की डुक्कर घाणेरीतून उतरतं, नाल्यातल्या डबक्यात लोळतं आणि पुन्हा वर जातं, असं तिनं दोन दिवस पाहिलं होतं. जखमेची आग होत असणार.

गनीनं तिला डबकं कुठं, वारा दुपारी कुठून वाहतो, डुक्कर कोणत्या बाजूनं उतरतं, हे तीन-तीनदा विचारलं. ती प्रत्येक वेळी तेच सांगत होती, शब्द इकडचा तिकडे नाही. गनीनं मनात म्हटलं, ही बाई पुरुष असती तर शिकारी झाली असती. मग त्याला वाटलं, आत्ताही आहेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटा नाल्यात उतरला. एका खडकाला पाठ लावून, एक गुडघा टेकून बसला. समोर डबकं, पंचवीस पावलांवर. वारा तोंडावर येत होता. तांड्याच्या लोकांना त्यानं घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं.

ऊन कललं तसं घाणेरीत सळसळ झाली आणि जनावर उतरलं. मोठा नर होता, पाठीवरचे केस उभे, उजव्या खांद्यावर माश्या घोंगावत होत्या. पण ते डबक्यात शिरलंच नाही. काठावर थांबून नाक वर केलं. वारा क्षणभर फिरला होता. गनीला त्याचं फक्त तोंड आणि छाती दिसत होती, आणि समोरून भरमारीची गोळी डुकराच्या कपाळावरून घसरू शकते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बार काढला नाही. डुकरानं त्याला पाहिलं, खाली मान घातली आणि ते सरळ त्याच्यावर निघालं. पंचवीस पावलं यायला त्याला किती वेळ लागणार! गनी जागचा हलला नाही. वाटेत एक दगड होता, त्याला वळसा घालताना डुकराची कूस अर्धी उघडी पडली, आणि तेवढ्यात गनीनं कानामागं बार काढला.

जनावर आपल्याच वेगानं पुढं आलं आणि त्याच्या गुडघ्यापासून चार हातांवर वाळूत घसरून पडलं.

लोक धावत आले. कोणी विचारलं की पळाले काहून नाही? गनी म्हणाला की पळालो असतो तर नेम कोणी धरला असता. सगळे हसले. त्याच्या हाताला कंपही नव्हता. पण नाईकाच्या ओसरीवर चहाची बशी हातात आली, तेव्हा ती अशी खडखडायला लागली की त्याला ती खाली ठेवावी लागली. धावजीनं ते पाहिलं आणि दुसरीकडे तोंड वळवून बैलाला उगीच हाक मारली. गनीला या माणसाचा मोठेपणा त्या घटकेला कळला.

डुकराला गनीनं हात लावला नाही. बाभुळगावच्या बुजुर्ग इमामांना त्यानं मागंच विचारून ठेवलं होतं. पीक आणि माणूस वाचवायला मारावं, मटण तुझं नव्हे. तांड्यानं वाटे घातले, आणि गनीसाठी मानीबाईनं ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वेगळ्या चुलीवर, नव्या तव्यावर केली.

दुसऱ्या दिवशी तो पुढं गेलाच नाही. टेकडी चढला, मागच्या दरीत उतरला. पैनगंगेसारखं काही नव्हतं. पळस, तेंदू, धावड्याचं विरळ रान. पण नाल्याच्या चिखलात डुकरांच्या तीन कळपांचे माग, झुडपांत तितरांनी उकरलेली माती, माळावर ससे, आणि पुढच्या दरीत भेकराची जोडी. काडतुसाचं एक नळकांडं नाही. शिवाय शिकार इथं स्वतःहून शेतात चालत येत होती, आणि ती मारणाऱ्याची पाच गावं वाट पाहत होती. टेकडीवरून त्याला आर्णीची वाट, शेजारच्या गावातली कौलारू शाळा आणि चैतातही आटत नाही म्हणून तांड्यानं सांगितलेली विहीर दिसली. त्यानं तिथंच ठरवलं.

धावजीनं खळ्यावरून प्रत्येक घरचं धान्य देऊ म्हणून सांगितलं, घराला जागा दाखवली, आणि आठ दिवसांनी गाड्या घेऊन येतो म्हणाला.

बाभुळगावला आल्यावर गनीनं जुबैदाला सगळं सांगितलं. मानीबाईचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, शाळेचं सांगितलं. जुबैदानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"आन मेल्यावर?"

तांड्यात मुसलमानाचं दुसरं घर नव्हतं, मग कब्रस्तान कुठलं. सगळं पाहून आलेल्या माणसानं हे पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी धावजी खरोखरच दोन गाड्या घेऊन दारात उभा राहिला, दोन मुक्काम करून आलेला. चहा झाला. जुबैदा दाराच्या पडद्याआडून बोलली. ती परक्या पुरुषाशी सहसा बोलत नसे, पण हे नवऱ्याच्या तोंडून विचारण्यासारखं नव्हतं. आम्ही तुमच्यात राहू, पण आमच्या मय्यतीचं काय, असं तिनं विचारलं.

धावजीनं मिशीवरून हात फिरवला.

"बाई, आर्नीत तुमचं कब्रस्तान हाय," तो म्हणाला. "दोन कोसाची वाट. माह्या घरची बैलजोडी जुपीन, आन पुरा तांडा मांगं चालन. मी असो का नसो. हे मी नाईक म्हनून बोलून राह्यलो."

पडद्याआड मग भांडी गोणपाटात बांधल्याचा आवाज सुरू झाला.

बंदुकीच्या परवान्यावरचं गाव बदलायला गनी यवतमाळच्या कचेरीत गेला. कारकुनानं कागद उघडला तर त्यावर शिक्का मध्यप्रदेशाचा. जिल्हा तर वर्षापूर्वीच मुंबई राज्यात गेला होता. नवा शिक्का बसला. गाव सोडण्याचं कारण विचारल्यावर गनीनं 'शिकार' सांगितलं. कारकुनानं 'पीक संरक्षण' लिहिलं. साठ सालानंतर पुन्हा मुदत वाढवायला गेला, तेव्हा महाराष्ट्राचा शिक्का बसला. गनी पुढं सगळ्यांना सांगे, "म्या एकच गाव बदललं, पण या कागदानं तीन राज्यं पाह्यली."

जुबैदाचं तांड्यात कसं होईल याची गनीला धास्ती होती. तिथल्या बाया आपले आरसे-कवड्यांचे कपडे स्वतः हातानं शिवत. यंत्राला काम कुठलं? पण पहिल्याच महिन्यात मानीबाई आपला घेरदार लेहंगा घेऊन आली. घेराची सरळ शिवण हातानं करायला तिला पंधरा दिवस लागत, यंत्रावर ती दुपारभरात झाली. उरलेल्या वेळात मानीबाईनं भरतकाम केलं आणि जुबैदाला शिकवलं. दोघींचं असं जमलं की भावसिंग कुरकुरायला लागला, बायको घरात सापडत नाही म्हणून. तोवर त्याची मांडी भरून आली होती. चालताना पाय किंचित ओढायचा, एवढंच.

शेजारच्या गावचे मारोतराव मोठे शेतकरी. कपाशी, तूर, भुईमूग. त्यांनी गनीला बोलावून सांगितलं की डुक्कर मारा, पण रोही म्हणजे नीलगाय मारू नका, आमच्या घरात ती गाईच्या जागी आहे. रोही तर तुरीचं शेत डुकरापेक्षा जास्त खातं. गनीनं वाद घातला नाही. रोह्यांसाठी तो गोळी न घालता नुसत्या दारूचा बार काढी. कळप पळून जाई आणि चार दिवसांनी पुन्हा येई. मारोतरावांना ते चालत होतं, मग गनीलाही चालत होतं. पिलांबरोबरची डुकरीण तो मारत नसे, यावरून मात्र भावसिंगशी त्याचं भांडण व्हायचं. गनी म्हणे की माझं पोट या रानावर आहे, सगळंच आज मारलं तर मला पुन्हा बाडबिस्तरा बांधावा लागेल.

एकसष्ट साली त्याचा एक बार खाली लागला. नेमाची चूक होती. घाई झाली होती. जखमी डुकरानं पळता पळता मारोतरावांच्या बैलाचं पोट फाडलं. गनी सरळ मारोतरावांच्या अंगणात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की बैलाला डुकरानं मारलं नाही, माझ्या बारानं मारलं. मारोतराव बैलाजवळ बसले होते. त्यांनी वर पाहिलं, आणि एवढंच म्हणाले की बैलाचं मी पाहतो, तुम्ही आधी ते जनावर पाहा. गनी दोन दिवस रक्ताच्या मागावर राहिला. तिसऱ्या दरीत त्यानं ते संपवलं आणि मग घरी येऊन झोपला. बैल वाचला नाही. मारोतरावांनी त्याचा विषय पुन्हा काढला नाही, पण गनी त्यानंतर वर्षभर त्यांच्या ओसरीवर बसला नाही, उभ्यानंच बोलायचा. शेवटी मारोतरावांनीच हाताला धरून बसवलं.

रौशन शेजारच्या गावातल्या शाळेत सातवीपर्यंत शिकली. रुसलेला अन्सार त्रेसष्ट साली एकदा येऊन गेला. पुसदच्या डोंगरात आता मोरसुद्धा दिसत नाही, असं त्यानं स्वतःच सांगितलं, आणि रात्रीच्या जेवणात तितराचं मटण खाताना गनीकडे पाहिलं नाही.

पासष्ट सालच्या दसऱ्याला घाटंजीकडच्या एका गावचे चार जण गनीच्या अंगणात आले. त्यांच्या गावाला जंगल लागून होतं, डुकरांनी पीक ठेवलं नव्हतं, आणि गनीमियाचं नाव त्यांनी बाजारात ऐकलं होतं. बांधलेलं घर देऊ, दोन एकर वावर देऊ, तिथंच राहायला या, अशी त्यांची विनंती होती. गनी त्यांच्याबरोबर जाऊन एक दिवस रान पाहून आला. शेहेचाळीस वर्षांचा झाला होता, पण पाय तसेच होते. परत आला तेव्हा डोळ्यांत जुनी चमक होती. जुबैदानं पाणी दिलं.

"रान कसं हाय?" तिनं विचारलं.

"उमरदऱ्याच्या दुप्पट," गनी म्हणाला. "सांबरंसुद्धा हायेत."

"मंग?"

गनीनं पाणी पिऊन लोटा खाली ठेवला आणि म्हणाला की त्यांच्यातल्या दोघांची नजर चांगली आहे, हात शांत आहेत. परवान्याचा अर्ज कुठं करायचा ते त्यांना सांगून आलो. पौषात दोघं इथं येऊन महिनाभर राहतील, त्यांना माग काढायला शिकवतो. नाल्यातलं डबकं पाहायला मानीबाईबरोबर पाठवीन, ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते.

जुबैदा यंत्रावर जाऊन बसली. तेवढ्यात धावजीच्या घरून निरोप आला की वरच्या वावरात भुईमूग उकरलेला दिसतो, माती अजून ओली आहे. गनी चपला घालून निघाला. भावसिंग आधीच बांधावर उभा राहून त्याची वाट पाहत होता.